मापात पाप

टायरच्या बाजूवर कोरलेलं माप एकाच माणसाने, एकाच बैठकीत ठरवलं असेल यावर माझा विश्वास नाही. १८५/६० आर १४. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, ती मिलिमीटरमध्ये. १४ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचांत. आणि मधले ६० ना मिलिमीटर ना इंच, ते टक्के. कसले टक्के? तर टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के. म्हणजे रुंदी बदलली की उंचीही आपोआप बदलते, आणि उंची तीच ठेवायची तर टक्के बदलावे लागतात. शाळेत गणिताने रडवलेल्या मुलांनी मोठेपणी टायर विकत घेऊ नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था असावी.

माझी गाडी दोनच माणसांची. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली ती. दिवे लावले की डोळे वर येतात आणि बंद केले की मिटतात. वजन हजार किलोच्या आत, इंजिन १.६ लिटरचं, पायात १८५ चे टायर. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, हे ध्येय ठेवून कंपनीने ती घडवली. घोडा अजून उत्तम पळतो. स्वार हल्ली बसताना आणि उठताना आवाज करतो, पण तो विषय वेगळा.

टायरांवर नक्षी भरपूर होती. बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर खोल खाच उरली तरी कायद्याचं समाधान होतं, आणि माझ्याकडे तिच्या दुपटीहून जास्त शिल्लक होती. घात केला तो दुसऱ्याच आकड्यांनी. ‘डॉट’ या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे टायर बनला तो आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ते वर्ष वाचलं आणि रबरात नख रुतवून पाहिलं. रबराला काही झालं नाही, नख दुमडलं. रबर वयाबरोबर कडक होत जातं आणि नक्षी कितीही सुबक असली तरी ओल्या रस्त्यावर ती शोभेपुरतीच उरते.

शहाणा माणूस अशा वेळी तेच माप सांगतो, नवे टायर घालतो आणि घरी जातो. स्पोर्ट्स कारवाला म्हणतो, “आता बदलतोच आहोत तर...” जगातले बहुतेक अनावश्यक खर्च याच अर्ध्या वाक्यातून जन्माला येतात.

बदलतोच आहोत तर जरा रुंद घेऊ. फार नाही, १० मिलिमीटर. कारण विचारलं तर आम्ही सगळे ‘पकड’ असं एकसुरात सांगतो. खरं कारण गाडीच्या मागे चार पावलांवर उभं राहिलं की दिसतं. बॉडी छान गोलसर, आणि तिच्याखाली टायर असे आत ओढलेले, जणू आपलं काही चुकलंय. हे कुणी कबूल करत नाही. म्हणून भौतिकशास्त्राला साक्षीला बोलवावं लागतं, आणि ते नेमकं उलटतं.

हिशेब असा. माणसं धरून एका चाकावर साधारण २४० किलो भार. हवा २६ पीएसआय, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला १.८ किलोच्या आसपास. ढोबळमानाने भागाकार केला तर प्रत्येक टायर जमिनीला सुमारे १३० चौरस सेंटिमीटर टेकतो. आता टायर रुंद घातला, पण भार तोच आणि हवाही तीच. भागाकाराचं उत्तर कसं बदलणार? टायर टेकतो जवळपास तेवढाच, फक्त टेकण्याचा आकार लांबट असतो तो आडवा होतो. वळणावर याचा थोडा फायदा होतो. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायर लवकर तरंगू लागतो.

हे मी बायकोला कागदावर काढून समजावलं.

“म्हणजे टेकणार तेवढाच?”

“हो, पण आडवा.”

“आणि पावसात घसरणार?”

“तरंगणार. घसरणं वेगळं.”

“बरं,” म्हणाली. संसारात ‘बरं’ इतक्या सावकाश उच्चारला गेला की पुढचं बोलणं वाढवायचं नसतं.

मग उमेदवार निवडायचे. पहिला १९५/६०. रुंदी वाढली, टक्के तेच, त्यामुळे भिंतही वाढली. चाकाचा एकूण व्यास ५७८ मिलिमीटरवरून ५९० वर, म्हणजे दोन टक्के मोठा. गाडी सहा मिलिमीटर उंच होणार आणि तिला बुटकी राहण्यातच भूषण. शिवाय स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, चाक मोठं झालंय हे त्याला कुणी कळवत नाही. तो १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ ला असणार. एरवी स्पीडोमीटर खऱ्या वेगाहून थोडा जास्तच दाखवतात; प्रत्यक्षाहून कमी तर दाखवायचाच नाही, असा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम आहे. माझ्या टायरांच्या भिंतीची काळजी संयुक्त राष्ट्रांपर्यंत पोचलेली पाहून मला भरून आलं.

दुसरा १९५/५५. व्यास ५७०, म्हणजे सव्वा टक्का लहान. गाडी जेमतेम चार मिलिमीटर खाली बसणार, उठाव किंचित तडफदार, आणि स्पीडोमीटर १०० म्हणेल तेव्हा आपण ९९ च्याही आत. म्हणजे जास्त वेगाचा आनंद आणि कमी वेगाची सुरक्षितता एकाच पैशात. पण त्याच वेगाला इंजिन थोडं जास्त फिरणार, आणि ते आधीच लांबच्या प्रवासात गप्पा मारू देत नाही.

तिसरा २०५/५५. याचा व्यास ५८१. मूळ मापाहून फक्त अर्ध्या टक्क्याने वेगळा! कागदावर इतका अचूक जुळणारा टायर पाहून मी खुर्चीतून उठलो. २० मिलिमीटर रुंदी जास्त आणि स्पीडोमीटरला पत्ताही नाही. इथेच थांबलो असतो, पण रिमने खोडा घातला. माझे रिम साडेपाच इंच रुंद. २०५/५५ ला चालणाऱ्या रिमांची यादी साडेपाचपासून सुरू होते, म्हणजे चालेल, पण काठावर पास. टायर रिमपाशी आवळलेला आणि मध्ये फुगलेला, पट्टा कसून बांधलेल्या पोटासारखा. असा टायर वळणावर आधी स्वतःच्याच भिंतींवर डुलतो, मग गाडीला वळायला सांगतो. घोडा आणि स्वार एकजीव झालेच तर मध्ये हे खोगीर हलत राहणार.

भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, तोही पाहून झाला. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो. चौघांचे मिळून १९००. गाडी, मी, बायको आणि तिला न सांगता डिकीत ठेवलेली हत्यारं मिळूनही त्याच्या आसपास पोचत नाही. ‘एच’ या अक्षराने ताशी २१० किलोमीटरची हमी दिली. मी तिला शिवणारही नाही. पण हमी असलेली बरी.

मित्रांचा सल्ला घ्यायला नको होता, पण तो न विचारताच मिळतो. एक म्हणाला, “अरे, कंपनीच्या इंजिनियरांनी १८५ काय झोपेत ठरवले? तेच घाल. स्टिअरिंग हलकं राहील.” दुसऱ्याचा फोन आला, “लेका, १४ इंची रिम भंगारात दे, १५ चे घाल, त्यात १९५/५०.” यात तथ्य होतं, म्हणून जास्त राग आला. नव्या गाड्यांची चाकं मोठी मोठी होत चालली आहेत, आणि १४ इंची मापात चांगल्या रबराचे टायर मिळणंच आटत चाललंय. कसली रुंदी निवडतोस, जे मिळेल ते घाल, अशी खरी परिस्थिती. एकाच मापाच्या दोन टायरांत रबराच्या मिश्रणाने जेवढा फरक पडतो, तेवढा १० मिलिमीटरने पडत नाही, हे दोघांनाही मान्य होतं. पण रबराचं मिश्रण गाडीच्या मागे उभं राहून दिसत नाही.

शेवटी १९५/५५ घेतले. टायर बसवणाऱ्या गृहस्थांना मी तिन्ही मापांचा तक्ता दाखवला. त्यांनी तो सौजन्याने वाचला, घडी करून परत दिला आणि पाना उचलला.

बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवलं. कुठे घासत नव्हतं. मग व्हर्नियर काढला. जुना टायर मोजून ठेवला होताच. वाढ भरली सहा मिलिमीटर.

“दहा पाहिजेत,” मी म्हणालो.

“१९५ हा आकडा सहा इंची रिमवर मोजलेला असतो,” ते म्हणाले. “रिम अर्ध्या इंचाने अरुंद असला की टायर पाचेक मिलिमीटर आत येतो. शिवाय कंपनीगणिक दोन-चार इकडे-तिकडे. तुम्हाला एक जास्तच मिळालाय.”

म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन. मी गाडीच्या मागे चार पावलांवर जाऊन उभा राहिलो. मग सहा पावलांवर. मग बायकोला बोलावलं.

“छान काळे आहेत,” ती म्हणाली.

गाडी मात्र खरोखर सुधारली. वळणावर पुढचं टोक मुकाट्याने आत येतं, ओल्या रस्त्यावर पाय आखडत नाही, पार्किंगमध्ये स्टिअरिंग किंचित जड लागतं तेही हवंहवंसं. संध्याकाळी दुसऱ्या मित्राला फोन करून हे सगळं सांगितलं.

“रुंदीचा फरक आहे तो,” तो म्हणाला.

“कशावरून? जुने टायर दगड झाले होते. नवे १८५ घातले असते तरी हेच झालं असतं कदाचित.”

“मग खात्री करून घे ना. नवे १८५ चे चार आण, बदलून बघ.”

मी हसलो. त्याने फोन ठेवल्यावर मात्र १८५ मध्ये याच रबराचा टायर निघतो का, तेवढं पाहून घेतलं. निघतो.