बायोलॉजिक बदलताना ‘तीन महिने सगळं बंद’? कशासाठी?

रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताच्या, रुग्णांमध्ये एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीचा ठरावीक भाग रोखणारं, जिवंत पेशींत बनवलेलं औषध) बदलायचं असेल तर जुनं औषध अंगातून पूर्ण जाईपर्यंत तीन महिने काहीच घेऊ नका, नाहीतर दोन औषधांचा डबल मारा बसतो, टीबीची तपासणी एकदा झाली की झाली, आणि ताप आला तरच जंतुसंसर्गाची काळजी करा.

‘डबल मारा’ ही भीती हवेतून आलेली नाही. इटानरसेप्ट आणि अ‍ॅनाकिन्रा ही दोन बायोलॉजिक एकत्र देऊन पाहिलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली छापून आले. नुसत्या इटानरसेप्टवर गंभीर जंतुसंसर्ग शून्य टक्के, जोडीने घेणाऱ्यांत डोसप्रमाणे ३.७ आणि ७.४ टक्के, आणि सांध्यांना जास्तीचा फायदा काहीच नाही. म्हणूनच दोन बायोलॉजिक एकत्र देत नाहीत. पण त्या चाचणीत दोन्ही इंजेक्शनं सहा महिने नेमाने चालू होती. औषध बदलताना एक बंद होऊन ओसरत असतं. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजायच्या कशा?

‘तीन महिने थांबा.’ सगळ्यांत नुकसान करणारा सल्ला हाच, आणि तो सरसकट दिलाय हे आणखी वाईट. इटानरसेप्टचं रक्तातलं प्रमाण साधारण चार दिवसांत निम्म्यावर येतं, अ‍ॅडालिमुमॅबचं दोनेक आठवड्यांत. रिटुक्सिमॅबची गोष्टच वेगळी: ते बी-पेशी (अँटिबॉडी बनवण्यात भाग घेणाऱ्या पांढऱ्या पेशी) संपवतं, आणि औषध निघून गेलं तरी त्या परतायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे तीन महिने हा आकडा एकाला फार मोठा, दुसऱ्याला अपुरा. प्रत्यक्षात बहुतेकदा जुन्या औषधाचा पुढचा डोस ज्या दिवशी पडायचा, त्याच सुमारास नवं सुरू करतात. रिटुक्सिमॅबनंतर दुसरं बायोलॉजिक घेतलेल्या १८५ जणांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेकांच्या बी-पेशी तेव्हा परतलेल्याही नव्हत्या. गंभीर संसर्गाचं प्रमाण दर १०० रुग्ण-वर्षांमागे (म्हणजे शंभर जण वर्षभर पाहिले तर) दुसरं बायोलॉजिक घेण्याआधी ६.९९ होतं, नंतर ५.४९. गट लहान होता, त्यामुळे एवढ्यावर बिनधास्त व्हायचं कारण नाही. रिटुक्सिमॅबनंतर रक्तातलं आयजीजी (संसर्गाशी लढणाऱ्या अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) कमी झालंय का, हे बघायलाच हवं.

आणि त्या रिकाम्या तीन महिन्यांत होतं काय? सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही, मग प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी सुरू होते किंवा वाढते. जंतुसंसर्गाचा धोका वाढवण्यात स्टेरॉइडचा हात मोठा. डोस चढेल तसा धोका चढतो, आणि दीर्घकाळ घेतलं तर रोजचे ५ मिलिग्रॅमसुद्धा निर्धोक नाहीत. आटोक्यात नसलेला आजारही संसर्गाला वाट करून देतो. संदेशात या गोळ्यांचं नावही नाही! बायोलॉजिकला घाबरून प्रेडनिसोलोनवर दिवस काढणं म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात.

नव्या औषधाचे पहिले महिने जपायचे असतात, हे मात्र खरं. ब्रिटनच्या बायोलॉजिक घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदवहीत टीएनएफ-रोधक (सूज वाढवणारं टीएनएफ हे प्रथिन अडवणाऱ्या, इटानरसेप्टसारख्या) औषधांवर गंभीर संसर्गाचा वाढीव धोका पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक दिसला. त्याला उत्तर लक्ष ठेवणं आणि लसी वेळेत उरकणं. रिटुक्सिमॅब घ्यायचं असेल तर शक्यतो ते सुरू होण्याआधीच.

‘टीबीची तपासणी एकदाच.’ तपासणी त्या दिवसापर्यंतचं सांगते. त्यानंतर घरात किंवा कामावर कोणाला टीबी झाला असेल, तर औषध बदलताना ते आपणहून सांगा. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या लागतात, सरफेस अँटिजेन आणि कोअर अँटिबॉडी. दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो.

‘ताप आला तरच.’ टोसिलिझुमॅब किंवा सारिलुमॅबवर असलेल्यांनी हे वाक्य तर विसरूनच जावं. ही बायोलॉजिक आयएल-६ चा, म्हणजे ताप आणि सूज चढवणाऱ्या प्रथिनाचा, मार्ग अडवतात, त्यामुळे न्यूमोनिया असूनही ताप नाममात्र आणि सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल येऊ शकतं. खोकला, धाप, लघवीला जळजळ, जखमेभोवती लाली, एवढ्यावरही डॉक्टरांना फोन करा. असा संसर्ग चालू असताना मात्र नव्या औषधाचा पहिला डोस पुढे ढकलतात, आणि तो किती दिवस, हे संसर्ग बघून ठरतं.