वर्गाचा गेम कसा करावा

तर सर, मॅडम, पोरं अभ्यास करत नाहीत आणि तुम्ही अजून खडूने फळ्यावर लिहिताय म्हटल्यावर चूक कुणाची ते वेगळं सांगायला नको. पोरं घरी तासन्‌तास मोबाईलवर गेम खेळतात ना, मग वर्गाचाच गेम करून टाका. घाबरू नका, शिकवणं वगैरे काही बदलायचं नाहीये, फक्त नावं बदलायची. मार्कांना एक्सपी म्हणायचं, धड्याला लेव्हल, गृहपाठाला मिशन आणि घटक चाचणीला बॉस फाइट. धडा तोच, 'एका वाक्यात उत्तरे लिहा' पण तेच. मी पाचवीला केलं हे. पहिल्याच आठवड्यात पोरं एवढी खूश की वर्गाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला, आणि फोटो ग्रुपवर गेला म्हणजे उपक्रम यशस्वी, त्यापुढे कोण कशाला विचारतंय.

सुरुवात कॉइनपासून करा. खाली पडलेला कागद उचलला की 5 कॉइन. दोन दिवसांत वर्ग चकाचक. तिसऱ्या दिवशी एक जण वहीची पानं टराटरा फाडून बाकाखाली टाकेल, त्याचा भिडू ती उचलेल आणि मधल्या सुट्टीत दोघं कॉइनची वाटणी करतील. त्यांना ओरडू नका हां. तुम्ही शिकवलेलं गणित वर्गात कुणाला खरंच कळलं असेल तर ह्या दोघांनाच.

मग स्ट्रीक. सलग तीस दिवस हजर तर गोल्ड बॅज. पोरगं ताप अंगावर काढून येतं, बाकावर डोकं टेकवून बसतं आणि आठवड्याभरात ती अख्खी रांग खोकत असते, पण स्ट्रीक तुटलेली नसते. फारच झालं तर भाषा शिकायच्या ॲपमध्ये असतं तसं स्ट्रीक फ्रीझ द्या, म्हणजे दांडी मारली तरी स्ट्रीक तुटत नाही, 20 कॉइनला एक दिवस. म्हणजे ज्याच्याकडे कॉइन आहेत त्यालाच आजारी पडता येईल.

क्विझ तर पाहिजेच. नॉर्वेच्या कहूट नावाच्या क्विझच्या ॲपमध्ये नेहमीच्या पद्धतीत पटकन बरोबर उत्तर दिलं तर 1000 पर्यंत पॉइंट आणि वेळ संपता संपता दिलं तर जवळपास निम्मेच. केवढी मोठी सोय! विचार करणाऱ्याला दंड करायला आपल्याला आधी छडी लागायची, आता घड्याळ ते काम करतं. पोरं प्रश्न वाचायच्या भानगडीत पडत नाहीत, रंग बघतात आणि बटण दाबतात.

एखादी डीएड झालेली खडूस बाई स्टाफरूममध्ये 1973 चा तो अमेरिकेतला प्रयोग काढेल, तिच्याशी वाद घालू नका. स्टॅनफर्डच्या बालवाडीत आवडीने स्केचपेनने चित्रं काढणारी पोरं होती, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढा, सोनेरी चांदणीचं सर्टिफिकेट मिळेल. मिळालंही. नंतर मोकळ्या वेळात हीच पोरं बाकीच्यांच्या जेमतेम निम्माच वेळ चित्रं काढायला लागली, आणि ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं होतं त्यांची आवड मात्र होती तशीच राहिली. तुम्ही म्हणायचं, ती अमेरिकेतली पोरं, आपली तशी नाहीत. आणि चहा मागवायचा.

आता महत्त्वाचं, म्हणजे खेळातलं काय घ्यायचं नाही ते. मोबाईलच्या गेममध्ये मेलं की पोरगं लगेच परत उभं राहतं, पन्नास वेळा मरतं आणि एक्कावन्नाव्या वेळी पार होतं, कुणी वहीत लाल शेरा मारत नाही. हे अजिबात घेऊ नका, घटक चाचणी पन्नास वेळा कोण तपासणार? मैदानावर डाव संपला की मघाचं सगळं विसरून नवा डाव सुरू होतो, तेही नको, आपल्याला जूनमधला भोपळा मार्चपर्यंत दिसायला हवा. आणि सगळ्यात घातक म्हणजे कच्चा लिंबू. तुम्हीही असाल कधीतरी, मी तर दोन वर्षं होतो. डबा ऐसपैसमध्ये कुणाचा तरी लहान भाऊ यायचा, त्याला धड पळता यायचं नाही, तरी त्याला घ्यायचे, सापडला तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही, आणि तो सगळ्यांबरोबर पळून पळून, कुणीही न शिकवता, पुढच्या मे महिन्यात पक्का भिडू झालेला असायचा. कुणी समिती नेमली नव्हती, चाळीतल्या पोरांनीच ठरवलेलं. असल्या गावठी गोष्टींना लीडरबोर्डवर, म्हणजे नंबरांच्या फळ्यावर, जागा नसते, तिथे 43 पोरं असली की 43 वा नंबर असतोच आणि तो दाराजवळच लावायचा असतो, म्हणजे पालकांना आत न येता वाचता येतो.

बोर्ड बनवताना तेवढी एक काटकसर करा. वरची दहा नावं पुसता येतील अशा मार्करने लिहा, त्यांची अदलाबदल होत राहते. खालची पाच ऑइलपेंटने लिहिली तरी चालतात, मी तशीच लिहिलीत.