आंबोलीवरचा तो फॉरवर्ड

पहिली सर पडली की एक मेसेज हमखास फिरू लागतो: ‘आंबोली म्हणजे इंग्रजांनी निर्मनुष्य जंगलात वसवलेलं गाव. चेरापुंजीनंतर देशातला सर्वांत जास्त पाऊस इथेच. हिरण्यकेशी नदी इथल्या घाटात धबधबा होऊन कोकणात कोसळते. पावसाळा संपला की बघण्यासारखं काही नाही.’ चारपैकी एकही विधान धड नाही.

आधी इंग्रज. वेंगुर्ला बंदरातला माल बेळगावच्या छावणीला पोचवायला घाटरस्ता झाला, त्यावर आंबोलीला मुक्काम पडू लागला, साहेबांचे बंगले उठले. थंड हवेचं ठिकाण हे नाव त्यांच्यामुळे झालं, इथवर कबूल. पण निर्मनुष्य? आंबोली, चौकुळ आणि गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा तिढा सगळ्या सिंधुदुर्गाला ठाऊक आहे. गावकऱ्यांनी सावंतवाडी संस्थानाला कबुलायत, म्हणजे सारा भरण्याचा लेखी करार, लिहून द्यायची आणि जमीन सामाईक कसायची, ही त्यामागची पद्धत. गावात माणूसच नव्हतं, तर कबुलायत काय गव्यांनी लिहून दिली?

पावसाचं थोडक्यात. आंबोलीची वर्षाची सरासरी 7,000 मिमीच्या आसपास. मौसिनराम आणि चेरापुंजी 11,000 मिमीच्या पुढे, आणि कर्नाटकातलं आगुंबे आंबोलीच्या तोडीस तोड. राज्यात पहिल्या ओळीत म्हणा, चालेल.

हिरण्यकेशीचा उगम आंबोलीचाच, गुहेतल्या देवळापाशी. पण अरबी समुद्र इतका जवळ असून ती त्याच्याकडे पाठ फिरवते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जाते. ज्याच्याखाली लोक भिजतात तो घाटातला धबधबा पश्चिम उतारावरच्या ओढ्यांचा. त्याचं पाणी कोकणात उतरतं.

शेवटच्या विधानाचा मात्र राग येतो. याच हिरण्यकेशीच्या कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा छोटा मासा सापडला, 2020 मध्ये त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि 2021 मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कुंडाला ऋतू नसतो, मासा बाराही महिने तिथेच. आणि पावसाळ्यात तरी लोक काय बघतात? आंबोली टोड हा जेमतेम अंगठ्याएवढा भेक, कुशीवर वाघासारखे पट्टे. 2009 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या पावसात सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, कातळात जी उथळ डबकी साचतात, त्यांत तो अंडी घालतो. पर्यटकांच्या गाड्याही नेमक्या त्याच सड्यांवर चढतात. टायरखाली काय गेलं ते कुणाच्या रीलमध्ये येत नाही.

राहिला उन्हाळा. खाली सावंतवाडीत अंगाची काहिली होत असते तेव्हा वर रात्री पांघरूण लागतं, करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या असतात आणि कावळेसादच्या दरीकाठच्या कठड्याशी निवांत उभं राहता येतं. फॉरवर्डवाल्यांना हे न कळलेलंच बरं.