युरोप आणि युरोपीय संघ एक नव्हेत

‘युरोपात एकदा माल उतरला की पुढे सगळीकडे एकच नियम’ हे निर्यातीवरच्या एका लेखातलं वाक्य सोलापूरच्या टॉवेल निर्यातदारांना महागात पडेल. भूगोलातला युरोप उरल पर्वतापर्यंत जातो. युरोपीय संघ २७ देशांचा. स्वित्झर्लंड, नॉर्वे, ब्रिटन नकाशात युरोपात, पण संघाबाहेर. उलट दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गयाना फ्रान्सचा भाग म्हणून संघात! शेंगेन (आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेले देश) आणि युरो चलनाच्या याद्या आणखी निराळ्या.

खरा घोळ कागदपत्रांत होतो. इन्व्हॉइसवर नुसतं ‘युरोप’ नको, माल शेवटी जिथे जाणार तो देश लिहा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात उतरून स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला जाणारा माल टी-१ ट्रान्झिटवर, म्हणजे संघाची ड्युटी न भरता कस्टम्सच्या देखरेखीखाली, पुढे न्यायचा. तो रॉटरडॅमलाच कस्टम्समधून सोडवला, तर संघाची ड्युटी विनाकारण अंगावर येते आणि स्विस कस्टम्सचे सोपस्कार राहतातच. आयातदाराचा संघातला ईओआरआय नंबर (कस्टम्सकडचा नोंदणी क्रमांक) ब्रिटनमध्ये चालत नाही. तिथे ‘जीबी’ने सुरू होणारा लागतो. रंगाईकडेही नीट बघा: अ‍ॅझो रंगांतून (कृत्रिम रंगांचा एक गट) सुटणाऱ्या, बंदी असलेल्या अमाइन्स या घातक रसायनांसाठी संघाची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. कंटेनर भरण्याआधीच त्या लॉटचा लॅब रिपोर्ट हातात हवा.