पातळ लॅपटॉप, गेमिंग आणि एक सरसकट सल्ला

बारावीचे निकाल लागले, इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले, की लॅपटॉप खरेदीचे सल्ले फॉरवर्ड व्हायला लागतात. त्यातला एक सल्ला गेली काही वर्षं शब्द थोडेफार बदलून फिरतोय. त्याचा सारांश असा: दीड किलोच्या पातळ लॅपटॉपवर गेमिंग होतच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर विचारही करू नका. पातळ मशीनमध्ये कार्ड असलं तरी ते अर्ध्याच ताकदीने चालतं. तापमान नव्वदच्या वर गेलं की वर्षभरात मदरबोर्ड जातो. आणि तरीही हट्ट असेल तर निदान आय७ आणि १६ जीबी रॅम बघून घ्या, खाली कूलिंग पॅड ठेवा.

यातल्या बहुतेक वाक्यांत थोडंफार तथ्य आहे, म्हणून तर हा सल्ला इतका टिकलाय. पण तो लिहिणाऱ्याने जाडी पाहिली, चिपचं नाव पाहिलं, तापमान पाहिलं आणि ज्या आकड्यावर सगळा खेळ उभा असतो तोच सोडून दिला: चिपला सलग अर्धा-एक तास किती वॅट मिळतात. एकेक मुद्दा घेऊ.

"वेगळं कार्ड नसेल तर गेमिंग विसरा"

दहा वर्षांपूर्वी हे पटण्यासारखं होतं. तेव्हा प्रोसेसरमधले ग्राफिक्स म्हणजे यूट्यूब आणि एक्सेलपुरती सोय होती. मग २०२० मध्ये इंटेलने आयरिस एक्सई आणलं, २०२२ मध्ये एएमडीचं रेडियॉन ६८०एम आलं, २०२३ मध्ये ७८०एम, २०२४ मध्ये ८९०एम. ७८०एम असलेल्या पातळ लॅपटॉपवर १०८० पी आणि लो सेटिंगला व्हॅलोरंट सेकंदाला शंभर फ्रेमच्या (पडद्यावर बदलणाऱ्या चित्रांच्या) वर राहतो, जीटीए फाइव्ह मध्यम सेटिंगला साठच्या आसपास चालतो. हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये खरोखर जे खेळलं जातं त्यातला मोठा भाग इथेच संपतो.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी स्टीम डेककडे बघावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या या हातातल्या कन्सोलमध्ये वेगळं कार्ड नाही, आणि त्याची चिप ४ ते १५ वॅटमध्ये भागवते. त्यावर एल्डन रिंग आणि सायबरपंक २०७७ तीसच्या आसपास फ्रेमने चालतात. आजचा बरा पातळ लॅपटॉप आपल्या चिपला २५-३० वॅट देतो. मग डेकवर जे चालतं ते लॅपटॉपवर का अडखळतं?

बऱ्याचदा स्क्रीनमुळे. डेकचा पडदा १२८० बाय ८०० चा, म्हणजे सुमारे १० लाख पिक्सेल. पातळ लॅपटॉपवर हल्ली हौसेने २८८० बाय १८०० चा ओएलईडी पडदा देतात, म्हणजे जवळपास ५२ लाख पिक्सेल. चिपवर पाचपट काम टाकायचं आणि मग "गेमिंग होत नाही" म्हणायचं! अशा पडद्यावर गेमचं रिझोल्यूशन १४४० बाय ९०० करा. लांबी-रुंदी दोन्ही बरोबर निम्म्यावर येतात, चित्र सहन होतं आणि फ्रेम दणकून वाढतात. गेममध्ये एफएसआर किंवा एक्सईएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी तंत्रं) असेल तर तेही लावा, ही दोन्ही वेगळ्या कार्डाशिवाय चालतात. डीएलएसएस या एनव्हिडियाच्या तशाच तंत्राला मात्र तिचंच आरटीएक्स कार्ड लागतं.

मर्यादा आहेतच. २०२५ चा डूम: द डार्क एजेस हा गेम रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं) हार्डवेअर असल्याशिवाय चालतच नाही, त्यामुळे आयरिस एक्सईवाल्यांनी त्याचा नाद सोडलेला बरा. फ्रेम जनरेशनवरही, म्हणजे खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनावट फ्रेम घालण्यावरही, फार भिस्त ठेवू नये. मूळ फ्रेम तीसच असतील तर आकडा साठ दिसतो, पण हाताला माउस तिशीचाच लागतो. आणि मॅकबुक एअरची गोष्ट निराळी. तिथे चिपमध्ये दम आहे, पण व्हॅलोरंट मॅकसाठी नाहीच आणि काउंटर-स्ट्राइक २ मधूनही तो बनवणाऱ्या वाल्व कंपनीने मॅकला वगळलं. गेमच नसेल तर वॅट मोजून उपयोग काय?

"पातळ मशीनमधलं कार्ड अर्ध्या ताकदीचं"

सल्ल्यातला हा सगळ्यात हुशार मुद्दा, आणि अर्धवट राहिल्यामुळे सगळ्यात जास्त दिशाभूल करणाराही हाच.

लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० हे कार्ड एनव्हिडियाच्या आखणीनुसार ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येतं. नाव तेच, ३०७२ कोअर (आतले आकडेमोड करणारे भाग) तेच, ८ जीबी मेमरी तीच, खोक्यावरचा स्टिकरही तोच. वीज मात्र तिपटीहून जास्त फरकाने कमी-अधिक. म्हणजे "४०६० आहे" एवढ्यावरून फारसं काही कळत नाही. पूर्वी निदान नावावरून अंदाज यायचा. २०१७ मध्ये एनव्हिडियाने पातळ मशीनसाठी मॅक्स-क्यू नावाची कमी विजेची कार्डं आणली आणि अशा कार्डांच्या नावाला ते शेपूट लागायचं. २०२१ च्या सुरुवातीला आरटीएक्स ३० मालिका आली तेव्हा ते शेपूट गेलं. मग ओरड झाली आणि एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना वॅट आणि क्लॉकचे (चिपच्या वेगाचे) आकडे आपापल्या पानांवर द्यायला सांगितलं. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांच्या पानांवर मात्र तो आकडा आजही शोधूनही सापडत नाही. तिथे "८ जीबी ग्राफिक्स" हे ठळक अक्षरांत असतं.

पण यावरून पातळ म्हणजे कमी वॅट असा निष्कर्ष निघत नाही. २०२३ चा रेझर ब्लेड १४ जेमतेम १८ मिलिमीटर जाड आणि १.८ किलोचा. त्यात आरटीएक्स ४०७० ला १४० वॅटपर्यंत मोकळीक आहे. २०२४ चा असूसचा झेफिरस जी१४ दीड किलोचा, १६ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातल्या ४०७० ला ९० वॅट मिळतात. उलट स्वस्तातल्या काही जाडजूड गेमिंग लॅपटॉपमध्ये कार्डाला याहूनही कमी वॅट दिलेले असतात. जाडी बघून वॅट ओळखता येत नाहीत, आकडाच वाचावा लागतो. लेनोवोच्या पीएसरेफ या माहितीपत्रकात तो छापलेला असतो, बाकीच्यांच्या अधिकृत स्पेसिफिकेशनमध्ये खाली बारीक अक्षरांत सापडतो. मशीन हातात असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधलं सिस्टिम इन्फर्मेशन उघडा.

आता "अर्धी ताकद" हे गणित. चिपची वीज वारंवारतेच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, त्यामुळे शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ फार महागात पडतात. म्हणून वॅट निम्मे केले तरी फ्रेम निम्म्या होत नाहीत, घट त्याहून बरीच कमी असते. आणि ४०७० सारख्या कार्डाला १०० वॅटच्या पुढे कितीही पाजलं तरी हाती फार काही लागत नाही. ८०-९० वॅटचं पातळ मशीन ही माझ्या मते तडजोड नाहीच, तो शहाणपणाचा सौदा आहे. ३५-५० वॅटच्या ४०६० बद्दल मात्र सल्ला देणाऱ्याशी मी सहमत आहे. तिथे तुम्ही नावाचे पैसे देता.

"नव्वदच्या वर गेलं की मदरबोर्ड गेला"

इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, एएमडीची ९५ ते १००. त्या आकड्याला पोचल्यावर चिप जळत नाही, ती स्वतःच वेग कमी करते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. पातळ मशीन ९५ वर चालताना दिसलं तर बहुतेक वेळा कंपनीने ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं: पंख्याचा आवाज कमी आणि चिप मर्यादेच्या काठावर. मला हे फारसं आवडत नाही, पण त्याला बिघाड म्हणता येणार नाही.

गंमत अशी की पातळ लॅपटॉपवर फ्रेम पडतात तेव्हा चिप पुष्कळदा ७०-७५ अंशांवरच असते. मग वेग कोण कमी करतं? लॅपटॉपची बाहेरची कातडी. धातूची पातळ बॉडी मांडीला किंवा बोटांना चटका देऊ नये म्हणून मशीन पृष्ठभागाच्या तापमानाचा अंदाज घेतं आणि वॅट आधीच खाली आणतं. एएमडीच्या चिपांमध्ये या व्यवस्थेला एसटीएपीएम म्हणतात, इंटेलची आपली वेगळी आहे. म्हणूनच गेम पहिली पाच-दहा मिनिटं छान चालतो आणि मग ढेपाळतो. दोन मिनिटांच्या बेंचमार्कमध्ये, म्हणजे वेगाच्या चाचणीत, हे दिसत नाही. रिव्ह्यू बघताना विसाव्या मिनिटाचा आकडा दिलाय का ते बघा. नसेल तर तो व्हिडिओ सोडून द्या.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला परफॉर्मन्स मोड लावा. लेनोवोमध्ये एफएन आणि क्यू एकत्र दाबलं की तो बदलतो. फ्रेमला मर्यादा घाला: १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणाऱ्या, पडद्यावर ४० फ्रेमवर अडवलं तर प्रत्येक फ्रेम बरोबर तीन वेळा दिसते आणि खेळ वर-खाली होणाऱ्या ५५ पेक्षा गुळगुळीत वाटतो. एकाच चिपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स असतील तर दोघांना एकाच पगारात भागवायचं असतं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली की टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद होतो आणि वाचलेले वॅट ग्राफिक्सकडे जातात. सुरुवातीला उलटं वाटतं, पण अनेक गेममध्ये फ्रेम वाढतात. अंडरव्होल्टिंगचा, म्हणजे चिपला ठरल्यापेक्षा कमी व्होल्टेज देण्याचा, मार्ग मात्र इंटेलच्या पुष्कळ लॅपटॉपवर बंद आहे. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली पळवाट उघड झाली आणि त्यानंतर कंपन्यांनी ते कुलूपबंद केलं.

खोलीच्या तापमानाबद्दल हा सल्ला अवाक्षर काढत नाही. रिव्ह्यू होतात एसीच्या खोलीत, २५ अंशांवर. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे घरात ४० असतात. चिपची मर्यादा ९५ धरली तर उष्णता बाहेर ढकलायला तिकडे ७० अंशांचा फरक मिळतो, इकडे ५५ चा. म्हणजे तोच पंखा, तीच तांब्याची नळी साधारण पंचमांश कमी उष्णता बाहेर टाकते. ही शिक्षा जाड लॅपटॉपलाही होते, फक्त त्याच्याकडे हातचं थोडं जास्त असतं.

"निदान आय७ आणि १६ जीबी बघा"

आय७-१३५५यू ची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आणि मोठे कोअर फक्त दोन. आय५-१३५००एच ची ४५ वॅट आणि मोठे कोअर चार. सलग तासभर ताण पडल्यावर कोण पुढे राहील हे सांगायला नको. सात-पाच बघण्यापेक्षा शेवटचं अक्षर बघा.

रॅमची गोष्ट याहून मजेशीर आहे. आयरिस एक्सईला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एकच काडी असेल तर २५.६ जीबी प्रतिसेकंद मिळतात, दोन असतील तर ५१.२. इंटेलचा नियमच आहे की रॅमचे दोन चॅनेल (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटा) भरले नसतील तर त्या ग्राफिक्सला आयरिस एक्सई म्हणायचं नाही, यूएचडी म्हणायचं. म्हणजे एकाच १६ जीबीच्या काडीवर चालणारा लॅपटॉप घेतला तर टास्क मॅनेजरमध्ये तुमच्या ग्राफिक्सचं नावच बदललेलं दिसेल, आणि गेममध्ये फ्रेमही तशाच घसरतील. ८ अधिक ८ घ्या, किंवा बोर्डवर सोल्डर केलेली एलपीडीडीआर५एक्स रॅम असलेला घ्या. ७५०० वेगाच्या अशा मेमरीत १२० जीबी प्रतिसेकंदापर्यंत मिळतात. "रॅम पुढे वाढवता येत नाही" ही तक्रार रास्त आहे, पण गेमिंगसाठी तीच रॅम जास्त कामाची ठरते.

कूलिंग पॅड

मागची बाजू बोटभर उचलली तरी हवेला वाट मिळते, त्यासाठी दोन जाड वह्या पुरतात. खालून जाळ्या नसलेल्या लॅपटॉपला पॅडचे पंखे कितीही फिरले तरी आतल्या चिपला त्याचा पत्ता लागत नाही. गादीवर ठेवून खेळू नका, वर्षातून एकदा धूळ काढून घ्या. बस.

सल्ल्यात नसलेला मुद्दा: चार्जर

आरटीएक्स लॅपटॉपचा चार्जर काढला की कार्डाचे वॅट एकदम खाली येतात, कारण बॅटरी तेवढी वीज एकदम देऊ शकत नाही. विमानप्रवासाच्या नियमांमुळे बॅटरी १०० वॅट-तासांच्या आतच ठेवावी लागते, त्यामुळे मोठ्या मशीनलाही इथे पळवाट नाही. टाइप-सीच्या १०० वॅटच्या चार्जरवरही असं मशीन हात आखडूनच चालतं. वेगळं कार्ड नसलेला पातळ लॅपटॉप ६५ वॅटच्या छोट्या चार्जरवर पूर्ण वेगाने खेळतो, आणि बॅटरीवरही बराचसा तसाच. दुपारी वीज गेली की कोणाचा खेळ सुरू राहतो हे गावाकडे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

जाड लॅपटॉप कोणी घ्यावा? ज्याला नवे मोठे गेम १४४० पी मध्ये हाय सेटिंगला खेळायचेत, ज्याला २४० हर्ट्झचा पडदा खरोखर भरायचाय, ज्याचं मशीन टेबलावरून हलणार नाही. आणि ज्याचं बजेट ठरलेलं आहे, कारण त्याच पैशात जाड मशीनमध्ये सहसा जास्त वॅट मिळतात. फॉरवर्ड करणाऱ्याने एवढं एकच वाक्य लिहिलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं नसतं.