खरड छाटणी, मुक्काम डॅलस

घराची किल्ली देताना आधीच्या मालकीणबाई दारातल्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "याला काही म्हणजे काही करावं लागत नाही." हेच वाक्य त्यांनी छपराबद्दलही म्हटलं होतं. छपराचं महिन्यात कळलं, झाडाचं कळायला वर्ष गेलं.

झाड क्रेप मर्टलचं. टेक्सासने 1997 मध्ये याला राज्याचं अधिकृत झुडूप ठरवलं. झुडूप म्हणणाऱ्याने आमचं पाहिलं नसावं. हे 'नॅचेज' जातीचं, 25 फूट उंच, आणि लावलंय खिडकीपासून चार फुटांवर. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "अगं, हे तर ताम्हण! आपल्याकडे रस्त्यावर फुकट असतं, तुम्ही कर्ज काढून घेतलंत?" तसं ते ताम्हणाचं सख्खं चुलत भावंडच. आपलं राज्यफूल सोडून आलो तर इथे राज्यझुडूप दारात उभं.

फेब्रुवारीत गल्लीतले लोक शिड्या काढतात आणि आपापलं क्रेप मर्टल खांद्याइतकं छाटून ठेवतात. सगळी गल्ली मुंजीतल्या बटूंसारखी दिसायला लागते. जाणकार याला 'क्रेप मर्डर' म्हणतात. मी नवऱ्याला हे वाचून दाखवलं. करंगळीपेक्षा जाड फांदीला हात लावू नकोस, मेलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काढ, बुडातले धुमारे काढ, बास.

पण नवरा पडला नाशिकच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. आयुष्यात त्याने संगणकाशिवाय कशालाही हात लावलेला नाही, तरी छाटणी रक्तात आहे म्हणे. "आमच्याकडे एप्रिलला खरड छाटणी असते, द्राक्षाच्या काड्या पार बुडाशी कापतात. वेल मेला का कधी? आणि याला फुलं नव्या फुटीलाच येतात ना? मग जेवढं कापू तेवढी नवी फूट!" नाशिकहून सासऱ्यांनी फक्त एवढंच विचारलं, "डोळे किती ठेवलेस?" (डोळे म्हणजे फांदीवरचे, जिथून नवी फूट येते ते.) करवत चालली. मनगटाएवढे खुंट उरले.

नवी फूट आली. आली म्हणजे काय, उसळली. जूनमध्ये झाड पुन्हा खिडकीत हजर. फक्त आता फांद्या छडीसारख्या बारीक, आणि टोकाला हातभर लांबीचे पांढरे तुरे. पहिल्या पावसात सगळ्या वाकून पायवाटेवर आडव्या. पार्सलवाला दारापर्यंत येताना साष्टांगच घालायचा बाकी होता.

जुलैत गाडीची काच चिकट व्हायला लागली. मी लेकीच्या ज्यूसवर आळ घेतला, ती रडली, मी माफी मागितली, काच चिकटच. मग लक्षात आलं की एरवी दालचिनीच्या रंगाचं ते देखणं खोड काजळी धरल्यासारखं काळं पडलंय. जवळ जाऊन पाहिलं तर फांद्यांच्या बेचक्यांत वरईच्या दाण्यांएवढे पांढरे ठिपके, ओळीने. एक नखाने चिरडला. गुलाबी रक्त! मी किंचाळले. सासऱ्यांनी फोनवर पाहताक्षणी निकाल दिला, "पिठ्या ढेकूण."

पिठ्या ढेकूण नव्हे, पण त्याच गोतातली खवले कीड. ती रस शोषते, अंगातून चिकटा सोडते, चिकट्यावर काळी बुरशी वाढते, आणि लेकीवर आळ येतो. मूळची आशियातली ही पाहुणी अमेरिकेत पहिल्यांदा सापडली 2004 मध्ये, रिचर्डसनला, म्हणजे आम्ही जिथून वाणसामान आणतो तिथे. व्हिसा कुठला, हे आम्ही विचारलं नाही. आम्हालाही कुणी विचारलेलं आवडत नाही.

दुकानदाराने मुळाशी ओतायचं औषध दाखवलं. पण ते फुलांत उतरतं, आणि फुलांवर दिवसभर मधमाश्या. शेवटी उपाय एकच, जो इंटरनेट आणि सासरे दोघांनीही सांगितला (असं आमच्या घरात एकदाच झालंय): खोड धुवून काढा.

पानं गळायला लागल्यावर, दिवाळीच्या आदल्या रविवारी, मी बादलीभर पाण्यात भांड्यांचा साबण घालून, मऊ ब्रश घेऊन शिडीवर चढले. वरून खाली, हळूहळू, साल न दुखवता. मध्ये दोन लाल ठिपक्यांचे काळे ढालकिडे भेटले; ते ही कीड खातात, म्हणून त्यांना हलकेच उचलून बाजूच्या फांदीवर ठेवलं.

शेजारचे आजोबा कुत्र्याला घेऊन थबकले. झाड, फेस, ब्रश, मी, सगळं नीट पाहून त्यांनी अदबीने टोपी काढली. "तुमचा सण आहे का?"

सगळं समजावून सांगायची ताकद उरली नव्हती. म्हटलं, "हो. अभ्यंगस्नान."

ते मान झुकवून गेले. नवरा चहाचा कप घेऊन बाहेर आला. कप माझ्यासाठी नव्हता. एक घोट घेऊन, मान वर करून, पिढीजात बागायतदाराच्या नजरेने त्याने खोड न्याहाळलं.

"अगं, काखेत राहिलंय."