‘डी ड्राइव्हला काही होत नाही’ हे खरं नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय: ‘विंडोज १० बंद झाली, लिनक्स घाला. सगळं डीमध्ये हलवा, डीला काही होत नाही. बाहेरची हार्डडिस्क फॅट३२ करून घ्या, नाहीतर लिनक्सला दिसणार नाही. डिफ्रॅग मारा, शट डाउन करा, पेनड्राइव्ह लावा. अर्ध्या तासाचं काम.’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टिम. ते घालायला माझी ना नाही, मी लोकांना तेच सांगतो. पण बाकीचं ऐकून कुणी बसलं तर वर्षांचं काम एका क्लिकमध्ये जाईल.

‘बंद झाली’ म्हणजे काय, तेवढं आधी. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट वगैरे, थांबवला. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही. तयारीला आठवडा गेला तरी चालेल.

आता डी. शहापुरात लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांनी मेसेज वाचून सगळ्या फाइली डीमध्ये नेऊन ठेवल्या होत्या. ‘सी गेली तर जाऊ दे की, डी हाय न्हवं!’ मी त्यांच्यासमोर विंडोजमधलं डिस्कचे भाग दाखवणारं डिस्क मॅनेजमेंट उघडलं. ‘डिस्क ०’ अशी एकच ओळ, आणि तिच्यातच शेजारीशेजारी सी आणि डी. एकाच घरात भिंत घालून केलेल्या दोन खोल्या! उबंटू किंवा मिंट (हे लिनक्सचेच प्रकार) बसवताना ‘इरेज डिस्क’ निवडलं की अख्खं घर पाडलं जातं. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा नेमका भाग, हातानं निवडलं तर डी वाचते, हे खरं. पण लिनक्स बसवताना तिथं सी, डी ही अक्षरं नसतात. एसडीए२, एसडीए३ अशी नावं दिसतात. म्हणून विंडोजमध्येच प्रत्येक पार्टिशनला ओळखीचं नाव द्या आणि त्याचा आकार कागदावर लिहून ठेवा. आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

काकांचं आणखी एक राहिलं होतं, फॉन्ट. त्यांच्या जुन्या पत्रिका श्रीलिपीत, कानडी मजकूर नुडीत. हे युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेले फॉन्ट सीवरच्या विंडोज फोल्डरात असतात. डीवरच्या फाइली पुतण्याच्या लॅपटॉपवर उघडल्या, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं! फॉन्ट कॉपी केले, महत्त्वाच्या पत्रिकांच्या पीडीएफ काढल्या, मग पुढं गेलो. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हेही सहसा सीवरच असतात, विसरू नका.

फॅट३२ ही डिस्कवर फाइली ठेवायची जुनी पद्धत, आणि तिची गोष्ट उलटीच आहे. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क लिनक्स कित्येक वर्षं वाचतंय. २०२१ च्या कर्नल ५.१५ पासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तर त्यासाठीचा नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. फॅट३२वर मात्र ४ जीबीची एक फाइल मावत नाही, म्हणजे लग्नाचं शूटिंग बाहेरच राहिलं. शिवाय फॉरमॅट करताना त्या डिस्कवरचा जुना बॅकअप जाईल, तो वेगळाच.

‘शट डाउन करा’ हेही पुरेसं नाही. फास्ट स्टार्टअप ही लवकर चालू व्हायची सोय चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते, आणि मग लिनक्स ती पार्टिशन बहुतेक वेळा फक्त वाचायला देतं, लिहू देत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का तेही बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, ती नसेल तर तुमचीच डिस्क तुम्हाला उघडणार नाही.

डिफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं, एसएसडीला (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कला) लागत नाही, उगाच झीज होते.

राहिला अर्धा तास. यूएसबी २.० वर सेकंदाला साधारण ३० एमबी धरले तर २०० जीबी कॉपी व्हायलाच दोन तासांच्या आसपास जातात. आणि पार्टिशन लहान-मोठी होत असताना लाईट गेली तर तिच्यातला डेटा जाऊ शकतो. जांबोटी, कणकुंबीकडच्यांना पावसाळ्यातली लाईट मी काय सांगू! लॅपटॉपची बॅटरी भरून घ्या, डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर शेजारचा मागून आणा.